वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर मोकळा ठेवलेला तास

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्याहून स्वतःची गाडी, सोबत सत्तरीला आलेले आई-बाबा आणि अकरा वर्षांची मुलगी. नोव्हेंबरात चार दिवस, तीन मुक्काम. पाहायचं आहे दौलताबाद, वेरूळ, अजिंठा, लोणार, शिवाय संभाजीनगरातला बीबी का मकबरा आणि पाणचक्की. दोन वर्षांपूर्वी साधारण हीच सहल तुम्ही केली होती. यादीतलं सगळं पाहूनही झालं, पण घरी आल्यावर कोणाला धड काही सांगता येईना. मुलीला विचारलंत, तर तिला दौलताबादचा फक्त "अंधारातला वटवाघळांचा वास" आठवत होता. म्हणून या वेळी, वाटेत ध्यानीमनी नसताना छोटे छोटे आनंद देतील अशा जागांची यादी तुम्हाला हवी आहे.

गेली वीस-बावीस वर्षं मी कुटुंबांना आणि छोट्या गटांना घेऊन मराठवाड्यातली जुनी ठिकाणं दाखवतो. त्या अनुभवावरून आधी एक सांगतो. तुमच्या मुलीने दौलताबाद अगदी बरोबर लक्षात ठेवलं आहे.

तिथली अंधारी म्हणजे कातळातून वळणं घेत वर चढणारा बोगदा. खंदक ओलांडून आलेल्या शत्रूला तिथे दिशा कळू नये, पाय कुठे पडतोय ते दिसू नये, पुढच्या वळणावर काय वाढून ठेवलंय याचा अंदाज येऊ नये, यासाठीच तो खोदला. शेकडो वर्षांनी एक मुलगी तिथे शिरली आणि डोळे निकामी झाल्यावर नाकानेच ती जागा तिच्या मनात बसली. यादवांनी बाराव्या शतकात देवगिरी वसवली, 1296 मध्ये अल्लाउद्दीन चालून आला, 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी इथे आणली, हे फलकावरचं वाचन ती विसरली असेल. ते पुस्तकात पुन्हा मिळेल. वास पुस्तकात मिळत नाही.

तेव्हा तुमची खरी अडचण जागा कमी पडण्याची नाही. मागच्या वेळी अशा गोष्टींना शिरायला तुमच्या दिवसात फटच नव्हती. मी तुम्हाला आणखी दहा जागा सांगितल्या, तर त्या यादीच्या तळाशी जातील आणि संध्याकाळी सहा वाजता आई-बाबांना "अजून एकच राहिलंय" म्हणत तिकडे न्यावं लागेल. त्यामुळे यादीऐवजी मी काय करतो ते सांगतो.

आधी, काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते. एक म्हणजे बाबांचे गुडघे. तुम्ही नुसतं "थोडा त्रास आहे" असं लिहिलंय. सपाटीवर अर्धा तास चालता येतं की पन्नास पायऱ्याही जड जातात, यात फार फरक आहे, आणि पुढचं बरंचसं त्यावर ठरेल. दुसरं, गाडी कोण चालवणार? एकट्या तुम्हीच असाल, तर रोजचा पल्ला तुमच्या पाठीच्या हिशेबाने ठरवा. थकलेला चालक वाटेत कुठे थांबत नाही, त्याला फक्त पोचायचं असतं. तिसरी गोष्ट ऋतूची. तुम्ही नोव्हेंबर म्हणताय ते उत्तम. धबधबे आटलेले असतील, पण डोंगरावर थोडी हिरवाई शिल्लक असते, हवा स्वच्छ असते आणि कापूस फुटलेला असतो. हेच तुम्ही मे महिन्यासाठी विचारलं असतंत, तर मी दुपारी बारा ते चार खोलीत पडून राहा म्हटलं असतं.

आणि वार. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. बुधवारी निघून शनिवारी परतणं तुम्हाला जमत असेल तर तसंच करा.

आता कटू बोलतो. लोणार या वेळी सोडा. पुणे ते संभाजीनगर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, तिथून अजिंठा शंभरेक, लोणार दुसऱ्याच दिशेला आणखी लांब. चार दिवसांत हे सगळं बसवलंत तर गाडीतच बसून राहाल. लोणारसाठी वेगळी सहल ठेवा. जालन्यावरून जाताना सिंदखेड राजाला थांबा. जिजाऊंचा जन्म तिथला, लखुजी जाधवांची भव्य समाधी तिथे आहे, आणि पुतळा बारव नावाची शिल्पांनी भरलेली विहीर आहे. लोणारला तर एक अख्खी सकाळ द्यायला हवी. जवळपास पावणेदोन किलोमीटर व्यासाचं, अशनीच्या आघाताने बेसाल्टमध्ये पडलेलं ते विवर. त्याच्या काठावर धारेचं गोडं पाणी आणि तळाशी खारं, अल्कधर्मी सरोवर. हे घाईत उरकायचं ठिकाण नाही. शहरातल्या दोन जागांपैकीही एकच घ्या. मी पाणचक्की घेईन. लांबच्या डोंगरातून जमिनीखालच्या नळांनी पाणी आणून त्यावर जातं फिरवायचं, ही गोष्ट मुलांना लगेच कळते, आणि आई-बाबांना हौदाकाठी निवांत बसता येतं.

म्हणजे उरलं काय? बुधवारी प्रवास आणि संध्याकाळी पाणचक्की. गुरुवार पूर्ण वेरूळला. शुक्रवारी अजिंठा. शनिवारी सकाळी दौलताबाद करून पुण्याची वाट. यातल्या प्रत्येक दिवशी एक तास मोकळा ठेवा. खरोखर मोकळा. त्या तासाला नाव द्यायचं नाही, त्यात जेवण बसवायचं नाही, उशीर झाला म्हणून तो कापायचा नाही.

ही सवय मला एका चुकीतून लागली. सुरुवातीच्या वर्षांत मी आठ जणांचा गट घेऊन मंगळवारी वेरूळला पोचलो. दार बंद. वार बघायचा राहिला होता, चूक सर्वस्वी माझी होती. घृष्णेश्वराचं दर्शन आटोपलं तरी अख्खी दुपार पडून होती. म्हणून गावातल्या शिवालय तीर्थावर गेलो. चारी बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेलं चौकोनी कुंड, पायऱ्यांवर छोटी छोटी देवळं, तळाशी पाणी. घृष्णेश्वराचं आजचं देऊळ अहिल्याबाई होळकरांच्या काळातलं, आणि या कुंडाच्या बांधणीशीही त्यांचंच नाव जोडलेलं आहे. तिथे पाहायचं असं दहा मिनिटांत संपतं. आम्ही दोन तास बसलो, कारण जायला दुसरीकडे जागाच नव्हती. पहिल्या वीस मिनिटांत लोकांनी फोटो काढले. मग हळूहळू बोलणं थांबलं. गटातल्या एक आजी अगदी खालच्या पायरीशी जाऊन बसल्या आणि पाण्याकडे बघत हलक्या आवाजात ओवी म्हणू लागल्या. कुंडाच्या भिंती आवाज धरून ठेवतात, त्यामुळे वरच्या पायरीवर बसलेल्या आम्हाला तो शब्दन् शब्द ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी लेणी पाहिली, कैलासही पाहिलं. पण पुढे अनेक वर्षं त्या गटातलं कोणीही भेटलं की आधी त्या दुपारबद्दल बोलायचं.

त्या दिवसापासून मी मोकळा तास ठेवायला लागलो. दरवेळी त्यात काही घडतंच असं नाही. पाच वेळांतल्या दोन वेळा लोक नुसते बसतात, चहा पितात, मोबाइल बघतात. तेही चालतं. उरलेल्या तीन वेळा जे हाती लागतं ते मला आधी ठरवून देता आलं नसतं.

आता वेरूळबद्दल जरा सविस्तर, कारण तुम्ही तिथे पूर्ण दिवस देणार आहात आणि तो सत्कारणी लागावा असं मला मनापासून वाटतं. लेण्यांना क्रमांक आहेत एक ते चौतीस. एक ते बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. सगळी पाहायची नाहीत. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, म्हणून सकाळी आत सावली असते आणि दुपार कलली की ऊन आत शिरतं. माझा क्रम असा. सकाळी दार उघडताच कैलास, म्हणजे सोळा क्रमांक. तेव्हा गर्दी नसते आणि अंगण गार असतं. दुपारचे दोन-तीन तास बाहेर, जेवण आणि विश्रांती. तीननंतर दहा क्रमांकाचं लेणं. तोवर कोणाच्या पायांत त्राण उरलं असेल, तर गाडीने जैन लेण्यांकडे.

कैलासमध्ये लोक आत शिरतात, मान वर करतात, "बापरे" म्हणतात आणि अर्ध्या तासात बाहेर येतात. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हा डोंगर वरून खाली खोदत आणला हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते डोळ्यांना पटत नाही. पटवायचं असेल तर मुलीला घेऊन बाजूच्या वाटेने डोंगरावर जा, वाट चालू असेल तर. तिचा हात धरा, कडा उघडा आहे. वरून खाली पाहिलं की मंडपाच्या छतावर एक मोठं कमळ दिसतं आणि त्याच्याभोवती चार दिशांना तोंड केलेले चार सिंह. अंगणात उभं राहणाऱ्याला ते दिसतच नाहीत. आणि पायथ्याच्या हत्तींना अजून दगडातून आकारही आला नव्हता, तेव्हा कारागिरांचे हात आधी या माथ्यावर पडले होते. ज्या जमिनीवर तुम्ही उभे असाल ती डोंगराची मूळची पातळी. तिथून छिन्नी खाली खाली गेली. मी मुलांना विचारतो, "पहिला घाव कुठे बसला असेल?" मुलं वाकून बघतात, वाद घालतात. उत्तर मी देत नाही.

आई-बाबांना वर नेऊ नका. त्यांना अंगणातच सावलीला बसवा आणि एक काम द्या. भिंतींवर, छताखाली, कोपऱ्यांत जुन्या गिलाव्याचे आणि रंगाचे तुकडे अजून चिकटलेले आहेत, तेवढे शोधायला सांगा. हे लेणं आज आपण काळंकरडं बघतो, पण एके काळी त्यावर गिलावा होता, रंग होता. माझ्याबरोबर आलेल्या एका आजोबांनी नातवासाठी असे अकरा तुकडे शोधून ठेवले होते. नातू वरून उतरल्यावर दोघांनी ते पुन्हा फिरून पाहिले. त्या सकाळी आजोबा "थकले म्हणून बसवलेले" नव्हते. नातवाकडे सांगण्यासारखं सिंहांचं होतं, त्यांच्याकडे रंगांचं.

चौदा आणि एकवीस क्रमांकाच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरले आहेत. लोकांना खेळ दिसतो. तुम्ही मुलीला खालच्या पट्टीकडे बघायला सांगा. वरचे दोघे खेळात गुंतलेत, आणि खाली गणांची पिल्लावळ बिचाऱ्या नंदीच्या मागे लागली आहे. आईवडील पाहुण्यांशी बोलत बसले की मुलं जे करतात, नेमकं तेच. हे बघून न हसलेलं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

दहा क्रमांकाचं लेणं, ज्याला तिथले लोक सुतार का झोपडा म्हणतात, त्याच्या छताला दगडात फासळ्या कोरल्या आहेत, लाकडी छताला वासे असावेत तशा. दगडाला तुळया-वाशांची काही गरज नसते. तरीही कोरल्या, कारण त्याआधीची अशी सभागृहं लाकडाची होती आणि हाताला तेच वळण होतं. माझ्यासोबत एकदा एक सुतार होते. ते बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "ज्याने हे केलं त्याला लाकूड येत होतं." मी इतकी वर्षं वाचलेलं त्यांनी एका वाक्यात सांगितलं. दुपारी उशिरा दर्शनी भागाच्या वरच्या गवाक्षातून ऊन आत येतं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला ते थेट बुद्धमूर्तीवर पडतं. नोव्हेंबरात तसं होणार नाही, पण उजेड आत सरकताना दिसेल. गर्दी नसेल तर मुलीला तोंड मिटून एकच सूर गुणगुणायला सांगा. ओरडायला नको, वटवाघळांनाही नको आणि बाकीच्यांनाही नको. तो सूर छतावरून फिरून येतो.

इथेच राखणदारांबद्दल सांगतो. लेण्यांत, किल्ल्यांवर, देवळांत कोणी ना कोणी बसलेलं असतं. आपण त्यांना विचारतो, "इथे बघण्यासारखं काय आहे?" आणि मग पाठ केलेलं ऐकायला मिळतं. मी विचारतो, "दादा, इथे ऊन कधी येतं?" हा प्रश्न त्यांचा स्वतःचा असतो. ते वर्षानुवर्षं त्या जागी बसून उन्हाची सरक बघत असतात. मग ते उठतात, दाखवतात, आणि बऱ्याचदा आणखी काही सांगतात: कुठल्या कोनाड्यात पोपटांचं घरटं आहे, पावसाळ्यात पाणी कुठून ठिबकतं, कुठल्या मूर्तीचा चेहरा बाजूने पाहिला की वेगळा दिसतो. काही जण नंतर बक्षिसीची अपेक्षा ठेवतात, काही ठेवत नाहीत. त्याचा बाऊ करू नका, पण आधी नमस्कार करा, नाव विचारा. मुलीला विचारायला लावलंत तर सगळ्यात छान. लहान मुलाला कोणी टाळत नाही.

अजिंठ्याकडे जाताना फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव असा रस्ता आहे. सकाळी लवकर निघा, पण थेट पोचण्याची घाई नको. नोव्हेंबरात दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला असतो आणि मागे सपाट माथ्याचे डोंगर दिसत राहतात. त्या डोंगरांकडे बघताना मुलांना एक खेळ देतो: कड्यावर आडव्या पट्ट्या किती दिसतात ते मोजायचं. प्रत्येक पट्टी म्हणजे लाव्हाचा एक थर, एकावर एक साचलेला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. काल ज्या दगडात कैलास पाहिलं तोच हा दगड, हे सांगितलं की खिडकीतून दिसणारा डोंगर एकदम ओळखीचा होतो. अजिंठा गावाला जुनी तटबंदी आणि वेस आहे. लेण्यांच्या घाईत लोक तिच्याकडे न बघताच घाटाला लागतात. चहा तिथे घ्या.

खाजगी गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. चारेक किलोमीटर अलीकडे, फर्दापूरच्या फाट्याजवळ ती लावून तिथल्या बसने जावं लागतं. बाबांसाठी पायथ्याशी डोलीची सोय असते. त्यांना संकोच वाटेल. "नको, मी चालतो" म्हणतील, आणि पंधराव्या पायरीवर गुडघा धरतील. आदल्या रात्रीच बोलून ठेवा. डोलीत बसलेला माणूस वर पोचल्यावर ताज्या डोळ्यांनी चित्रं बघतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

चित्रांच्या बाबतीत सगळ्यांत मोठी चूक घाईची होते. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की पहिली पाच मिनिटं डोळ्यांना काही दिसत नाही. लोक तेवढ्यात "सगळं पुसलंय हो" म्हणून बाहेर पडतात. माझी पद्धत अशी: दाराशी पोचायच्या आधी दोन मिनिटं सावलीत डोळे मिटून उभं राहायचं, आत गेल्यावर एका भिंतीपाशी थांबायचं, आणि वाट बघायची. आधी एक हात दिसतो, मग मोत्यांची माळ, मग माळ घातलेला माणूस. चित्र अंधारातून वर येतं. गर्दी असली की पहारेकरी पुढे सरकवतात, म्हणूनच शुक्रवार सकाळ. फ्लॅश चालत नाही आणि चालूही नये.

मुलीसाठी अजिंठ्यात दोन शोध ठेवा. पहिला, एक क्रमांकाच्या लेण्यातली चार हरणं. एका खांबाच्या वरच्या भागात चार हरणांची धडं कोरली आहेत आणि चौघांना मिळून डोकं एकच. कुठल्याही हरणाकडे बघा, ते डोकं त्याचंच वाटतं. खांब कुठला ते तिला सांगू नका. दुसरा शोध दहा क्रमांकात. 28 एप्रिल 1819 ला जॉन स्मिथ नावाचा ब्रिटिश अधिकारी शिकारीच्या निमित्ताने इथे आला आणि त्याने खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरली. ते नाव आता माणसाच्या डोक्याहून उंच आहे. मुलीला विचारा, "त्याचा हात तिथे पोचला कसा?" तेव्हा लेण्यात गाळमातीचा ढीग साचलेला होता आणि तो त्या ढिगावर उभा होता. नंतर ढीग काढला, जमीन खाली गेली, नाव वर राहिलं. हे तिचं तिला सुचलं तर तुम्ही मध्ये बोलू नका. जुन्या भिंतीवर नाव कोरणं किती वाईट, हे मात्र तिथेच सांगून टाका. इतक्या जुन्या चित्रांवर कोणीतरी खिळ्याने ओढलेल्या रेषा तिला स्वतःलाच दिसतील.

आई-बाबांसाठी सव्वीस क्रमांक. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची सातेक मीटर लांबीची मूर्ती. उशीवर डोकं टेकून, कुशीवर झोपलेली. खाली शोक करणारे शिष्य, वर आनंदात असलेले आकाशातले जीव. इथे वयस्कर माणसं नेहमी गप्प होतात. त्यांना तिथे राहू द्या, मुलीला घेऊन तुम्ही बाहेर थांबा. सगळ्यांनी सगळं एकत्रच पाहायला हवं असं नाही.

परतताना फाट्यावरच्या दुकानांत आणि फेरीवाल्यांकडे स्फटिक विकायला असतात. त्या लाव्हाच्या थरांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, आणि पुढे त्यांत हे स्फटिक वाढले. भडक गुलाबी-निळे दिसले तर रंगवलेले समजा. पांढरा, फिकट हिरवट असा लहानसा तुकडा घेऊन दिलात, तर सकाळी मोजलेल्या पट्ट्यांच्या पोटातली वस्तू तिच्या खिशात येईल.

आतापर्यंतचं थोडक्यात: ठिकाणं चारच, वार सांभाळून, रोज एक तास मोकळा, उजेड बघून क्रम, प्रत्येकाला शोधायला काहीतरी वेगळं, आणि तिथल्या माणसांना उन्हाबद्दल विचारणं. बाकी खाण्यापिण्याचं तुम्हीच बघा. मी एवढंच म्हणेन की जेवणाची वेळ ठरवा, जागा ठरवू नका. रस्त्याकडेच्या एखाद्या घरगुती खानावळीत बाई तव्यावर भाकरी टाकत असतील तर तिथे थांबा. मांसाहार चालत असेल तर संभाजीनगरात नानखलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खा. तुघलकाच्या लष्कराबरोबर तो इथे आला असं तिथले लोक सांगतात, आणि दौलताबादच्या आदल्या रात्री तो जेवण्यात मजा आहे.

रात्रीचं एक. मुक्कामावर गेल्यावर "आज काय शिकलीस?" असं मुलीला विचारू नका, आणि फोटोही लगेच बघत बसू नका. माझ्या सहलींत रात्री एक प्रश्न असतो: आज असं काय दिसलं जे बाकीच्यांना दिसलं नसेल? सुरुवात आजीपासून करा. पहिल्या रात्री कोणाला फारसं सुचत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र प्रत्येक जण दुपारपासूनच रात्रीसाठी काहीतरी जमवत असतो. एकदा एका गृहस्थांनी सांगितलं होतं, वेरूळच्या एका उंबरठ्याचा दगड मधोमध झिजून वाटीसारखा झालाय आणि त्यात कोणाच्या तरी चपलेतून पडलेलं एक चिंचेचं पान होतं. एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून सगळा गट उंबरठे बघून चालायला लागला.

शनिवारी दौलताबाद. आठच्या आत किल्ल्यापाशी असा, ऊन चढायच्या आधी. मागच्या वेळी आई-बाबांना अर्ध्यावर सोडून तुम्ही माथा गाठलात आणि सगळा वेळ मनात धाकधूक होती, असं तुम्ही लिहिलं आहे. या वेळी माथ्याचा हट्टच नको. आई-बाबांसाठी खालचा भाग पुरेसा श्रीमंत आहे: हत्ती हौद, जुन्या खांबांचं मोठं अंगण असलेलं भारतमाता मंदिर, आणि बहमनी काळातला साठ मीटरांहून उंच चांद मिनार. त्यांची चाल असेल तर चिनी महालापर्यंत जा. त्याच्या भिंतीवर निळ्या फरशांचे थोडे तुकडे शिल्लक आहेत. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा इथे कैदेत होता. बाबांना इतिहासाची आवड आहे म्हणता, तर त्या निळ्या तुकड्यांपाशी त्यांना बोलतं करा. पुढे मेंढा तोफ आहे, तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं घडवलंय. मुलीला त्याच्या शिंगांवरून हात फिरवू द्या.

मग तुम्ही दोघीच अंधारीकडे जा. बंद असेल तर चिडू नका, बाहेरचा खंदक आणि तासलेला उभा कडाच बघा. उघडी असेल तर मुलीच्या हातात विजेरी द्या आणि तिला पुढे होऊ द्या. पायऱ्या लहानमोठ्या, वेड्यावाकड्या आहेत, सावकाश चढा. मध्ये एखादी सपाट जागा आली की दोघी थांबा, भिंतीला हात टेकवा आणि तिला विजेरी क्षणभर विझवायला सांगा. वास तिच्या ओळखीचा आहेच. या वेळी आवाजही ऐकू द्या.

खाली उतरल्यावर फाटकाबाहेर सीताफळांच्या पाट्या घेऊन बाया बसलेल्या असतील, तो हंगाम संपत आलेला असेल, पण असेल. तुमचा शनिवारचा मोकळा तास तिथे खर्च करा. पुणे पाच-सहा तासांवर आहे, संध्याकाळपर्यंत पोचाल. परत आल्यावर एवढं नक्की कळवा, तिने चार हरणांचा खांब किती वेळात शोधला.